शहाण्णव टक्के म्हणजे किती?

दहावीच्या निकालाच्या दिवशी कुणी "शहाण्णव टक्के" म्हटलं की आपण पेढ्यांचा बॉक्स उघडतो. उरलेले चार टक्के कुठे गेले हे विचारणारा माणूस त्या घरात पुन्हा बोलावला जात नाही. टक्क्यांशी आपलं नातं हे असं, मार्कशीटवरून जमलेलं.

त्यामुळे फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानच्या संशोधकांनी जाहीर केलं, की युनान प्रांतातल्या वटवाघळात सापडलेला एक विषाणू कोविडच्या विषाणूशी ९६.२ टक्के जुळतो, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी तासाभरात निकाल लावला: "९६ टक्के म्हणजे तोच की रे!" मी त्यांना लिहिलं, की माणूस आणि चिंपांझी यांची जुळणारी अक्षरं समोरासमोर लावली तर फरक जेमतेम सव्वा टक्का निघतो. त्यावर मामांनी काही लिहिलं नाही, फक्त अंगठा पाठवला. पण माझं उत्तर अर्धवटच होतं. खरा प्रश्न "९६ टक्के जास्त की कमी" हा नव्हताच. कशातले ९६, कसे मोजलेले, आणि त्या आकड्यावरून काय काढता येतं, हे विचारायला हवं होतं. ग्रुपवर मावलं नाही ते इथे लिहितो.

आधी मजकूर बघू. कोरोनाविषाणूची सगळी माहिती आरएनएच्या एका धाग्यावर लिहिलेली असते. अक्षरं चारच: ए, सी, जी आणि यू. डेटाबेसमध्ये यूच्या जागी टी लिहायची पद्धत आहे, मीही तीच पाळतो. जानेवारी २०२० मध्ये जगापुढे ठेवलेला वुहानच्या रुग्णाकडचा पहिला पूर्ण मजकूर २९,९०३ अक्षरांचा आहे. वटवाघळातल्या त्या विषाणूचं नाव आरएटीजी१३. नाव किचकट वाटतं, पण ते पत्त्यासारखं वाचायचं. आरए म्हणजे वटवाघळाची जात, ऱ्हायनोलोफस ॲफिनिस (नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असते ती). टीजी म्हणजे तोंगग्वान हे ठिकाण. १३ म्हणजे नमुना गोळा केला ते २०१३ साल. याचा मजकूर २९,८५५ अक्षरांचा.

चार टक्क्यांचा फरक म्हणजे अकराशेहून जास्त अक्षरं वेगळी. इथवर गणित शाळेतलंच आहे. भानगड सुरू होते ती दोन्ही मजकुरांची लांबी सारखी नाही इथून.

"पाऊसपडला" आणि "पाऊसफारपडला" या दोन ओळी घ्या. पहिल्या अक्षराखाली पहिलं, दुसऱ्याखाली दुसरं असं ताडत गेलात तर पहिली तीन अक्षरं जुळतात आणि पुढे सगळा गोंधळ: पच्या खाली फा, डच्या खाली र, लाच्या खाली प. निम्मा मजकूर वेगळा ठरला! पण वरच्या ओळीत "पाऊस"नंतर दोन अक्षरांची जागा मोकळी सोडली की बाकी सगळं चोख बसतं. आपल्या डोळ्याला हे लगेच दिसतं, संगणकाला शिकवावं लागतं. या कामाला जुळवणी म्हणू. आता मोकळी जागा फुकट मिळाली तर कुठलेही दोन मजकूर ओढूनताणून जुळवता येतील, म्हणून संगणकाला दंड लावलेला असतो: नवी जागा उघडली तर मोठा, उघडलेली जागा एका अक्षराने वाढवली तर लहान. दंड किती ठेवायचा हे माणूस ठरवतो. टक्केवारीचा पहिला निर्णय इथेच होऊन जातो आणि बातमीत तो कधी येत नाही.

दुसरा निर्णय मोकळ्या जागांचं करायचं काय हा. २००३ मधला सार्स आठवत असेल. चीनच्या शेनझेनमधल्या बाजारातल्या सिव्हेट या प्राण्यात (आपल्या कांडेचोराच्या कुळातला) जो विषाणू मिळाला, तो माणसातल्या सार्सशी ९९.८ टक्के जुळत होता. फरकांमधला एक ठळक फरक असा होता: प्राण्यांतल्या विषाणूत २९ अक्षरांचा एक सलग तुकडा होता, तो बहुतेक रुग्णांमधल्या विषाणूत नव्हता. हे २९ फरक मानायचे की एक? अक्षरं मोजणारा म्हणेल २९. घटना मोजणारा म्हणेल एकच, कारण नक्कल होताना एवढा तुकडा एकाच फटक्यात गळून पडू शकतो. दोघांचंही बरोबर आहे, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. कोविडच्या विषाणूत याच्या उलट झालेलं दिसतं. त्याच्या स्पाइक प्रथिनात (विषाणूच्या अंगावर काट्यासारखं उभं असतं ते) १२ अक्षरांचा एक जादा तुकडा आहे. मानवी पेशीतलं फ्युरिन नावाचं विकर त्या जागी स्पाइकला काप देतं. आरएटीजी१३ मध्ये तो तुकडा नाही. ही १२ अक्षरं निसर्गात आली की प्रयोगशाळेत, यावर जगात जेवढा वाद झाला तेवढा उरलेल्या २९ हजारांवर झाला नसेल. आणि गंमत बघा, टक्केवारी काढण्याच्या अनेक पद्धतींत मोकळ्या जागा वगळतात. म्हणजे ज्या तुकड्यावरून सगळं रण पेटलं तो त्या हिशेबात मोजलाच जात नाही. मोजला तरी ०.०४ टक्के.

तिसरी गोष्ट, कुठला भाग ताडला. आरएटीजी१३ चा पूर्ण मजकूर प्रसिद्ध होण्याआधी, २०१६ मध्ये, त्याच नमुन्यातला ३७० अक्षरांचा एक तुकडा ४९९१ या क्रमांकाने छापून आला होता. कोविडच्या विषाणूशी तो तुकडा ताडला तर जुळणी ९८.७ टक्के. म्हणजे विषाणू तोच, तुलनाही त्याच दोघांची, आणि एकदा उत्तर ९८.७ आणि एकदा ९६.२. यात खोटं कुणीच बोलत नाही. तो तुकडा आरएनएची नक्कल करणाऱ्या यंत्राच्या जनुकातला, म्हणजे आरडीआरपीच्या जनुकातला होता. हे यंत्र बिघडलं तर विषाणूचा कारभारच थांबतो, त्यामुळे तिथे बदल फारसे टिकत नाहीत. स्पाइकचं तसं नाही. ते बाहेर असतं, यजमान (विषाणू ज्याच्या शरीरात राहतो तो प्राणी) बदलला की त्यालाही बदलावं लागतं, आणि प्रतिकारशक्तीचा मार पहिल्यांदा तेच खातं.

आरडीआरपीचा लहान तुकडा ही वटवाघळांत कोरोनाविषाणू आहे का हे शोधायची जगभर रूढ पद्धत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये केरळ, हिमाचल प्रदेश, पुदुच्चेरी आणि तामिळनाडूतल्या फळखाऊ वटवाघळांत कोरोनाविषाणू असल्याचं दाखवलं तेही याच तुकड्याच्या आधारे. "आहे की नाही" या प्रश्नाला तो तुकडा पुरतो. "किती जवळचा" या प्रश्नाला पुरत नाही. बातम्यांत मात्र त्यातले "वटवाघूळ" आणि "कोरोना" एवढे दोनच शब्द उरले आणि कित्येक ठिकाणी बिचारी झाडावरची वटवाघळं हुसकावली गेली.

लपलेले बदल

आता समजा जुळवणी नीट झाली, मजकूर पूर्ण घेतला, फरक प्रामाणिकपणे मोजले. तरीही मोजलेले फरक आणि झालेले बदल हे दोन वेगळे आकडे असतात.

एका जागी ए होता, त्याचा जी झाला, पुढे जीचा टी झाला. बदल दोन, दिसतो एक. किंवा एचा जी झाला आणि कालांतराने परत ए. बदल दोन, दिसतात शून्य. किंवा दोन्ही विषाणूंत स्वतंत्रपणे त्याच जागी सीचा टी झाला. तेही शून्य. ज्या रस्त्यावर महापालिका वर्षाआड डांबर ओतते तिथे वरचा थर बघून किती वेळा काम निघालं हे सांगता येत नाही, तशातली गत.

१९६९ मध्ये थॉमस ज्यूक्स आणि चार्ल्स कँटर यांनी या लपलेल्या बदलांचा अंदाज बांधणारं एक सूत्र दिलं. सूत्र इथे देत नाही, पण त्यातून निघणारे आकडे बोलके आहेत. दिसणारा फरक ४ टक्के असेल तर खरा अंदाज ४.१. काहीच बिघडलं नाही. दिसणारा फरक २१ टक्के असेल (२००३ चा सार्स आणि कोविड यांच्यात साधारण एवढाच आहे, ७९ टक्के जुळणी) तर अंदाज २४.६. दिसणारा फरक ५० टक्के असेल, म्हणजे मर्स या दुसऱ्या एका कोरोनाविषाणूशी आहे साधारण तेवढा, तर अंदाज ८२. आणि दिसणारा फरक ६० टक्क्यांवर गेला की अंदाज १२० च्या वर, म्हणजे प्रत्येक जागा सरासरीने एकाहून जास्त वेळा बदलून गेली. शंभराच्या वरची टक्केवारी बघून दचकायचं नाही, कारण इथे आपण जागा मोजत नाही, बदल मोजतोय. लक्षात ठेवायची एक गोष्ट: अक्षरं चारच असल्यामुळे नुसत्या चिठ्ठ्या टाकून बनवलेले दोन मजकूरही एकमेकांशी २५ टक्के जुळतात. म्हणजे "३० टक्के जुळतो" हे वाक्य ऐकायला काहीतरी वाटतं, प्रत्यक्षात ते जवळजवळ "जुळत नाही" असंच आहे.

ज्यूक्स-कँटर सूत्र भोळं आहे. कुठलंही अक्षर कुठल्याही अक्षरात सारख्याच सहजतेने बदलतं असं ते धरून चालतं. तसं नसतं. ए आणि जी यांची आपसात अदलाबदल सोपी, सी आणि टी यांचीही. बाकीच्या जोड्या अवघड. जपानच्या मोतो किमुरा यांनी १९८० मध्ये हा भेद सूत्रात आणला. कोविडच्या विषाणूत तर सीचा टी होण्याचं प्रमाण चांगलंच जास्त दिसतं. त्यानंतर आलेली सूत्रं आणखी बारकाव्यात शिरतात, तपशील सोडून देऊ.

मुक्या जागा

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा आकडा ९६.२ हा नाहीच. तो आहे १७.

विषाणूच्या मजकुरात तीन-तीन अक्षरांचे शब्द असतात आणि जवळजवळ प्रत्येक शब्दावरून प्रथिनातला एक घटक, एक अमिनो आम्ल ठरतं. पण शब्द ६४ आणि अमिनो आम्लं २०, त्यामुळे एकाच अमिनो आम्लाला अनेक शब्द असतात. ल्युसीन घ्या: सीटीटी, सीटीसी, सीटीए, सीटीजी, टीटीए आणि टीटीजी, सहाही शब्दांचा अर्थ ल्युसीनच. सीटीटीचं शेवटचं अक्षर बदलून काहीही लिहा, प्रथिनात तसूभर फरक पडत नाही. याला मुका बदल म्हणू. आणि सीटीटीचं पहिलं अक्षर बदलून टीटीटी केलं तर ल्युसीन जाऊन फेनिलॲलनीन येतं. हा बोलका बदल.

बोलका बदल बहुतेक वेळा विषाणूच्या मुळावर येतो, आणि असा विषाणू मागे वंश न ठेवता संपतो. मुका बदल कुणाच्या डोळ्यावर येत नाही, म्हणून साचत राहतो. आता आरएटीजी१३ आणि कोविडचा विषाणू यांच्यातला फरक सगळ्या जागांवर सरसकट मोजला तर ४ टक्के निघतो. मुका बदल जिथे होऊ शकतो तेवढ्याच जागांवर मोजला तर १७ टक्के. चीनमधल्या एका गटाने २०२० च्या सुरुवातीलाच हा हिशेब मांडला होता.

म्हणजे काय, तर हे दोन विषाणू दिसतात त्यापेक्षा एकमेकांपासून बरेच लांब गेलेले आहेत. नैसर्गिक निवडीचा दाब बोलके बदल पुसून टाकतो, त्यामुळे एकूण टक्केवारीत ते सख्खे भाऊ वाटतात. जिथे कुणी पुसत नाही तिथे काळाची धूळ खरी दिसते. मामांना मी चिंपांझीऐवजी हे सांगायला हवं होतं.

पोथीची पानं बदलली तर

आतापर्यंत आपण धरून चाललो, की प्रत्येक विषाणू एकाच पूर्वजाची नक्कल आहे. कोरोनाविषाणूंच्या बाबतीत हे धरून चालणं महागात पडतं.

हस्तलिखित पोथ्यांवर काम करणाऱ्यांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत अनेक दशकं पोथ्या समोरासमोर लावून पाठभेद नोंदवण्याचं काम चाललं. लेखनिकाने नक्कल करताना चूक केली, त्या नकलेवरून पुढची नक्कल करणाऱ्याने ती चूक तशीच उतरवली आणि स्वतःची एक भर टाकली; अशा चुकांवरून कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरली याची वंशावळ लावता येते. पण एखाद्या लेखनिकापुढे दोन पोथ्या असतील, त्याने पहिले अध्याय एकीवरून आणि पुढचे दुसरीवरून उतरले असतील, तर? मग "या पोथीची आई कोण" या प्रश्नाला एक उत्तरच नाही. पहिल्या अध्यायांची आई वेगळी, नंतरच्यांची वेगळी.

एकाच वटवाघळाच्या एकाच पेशीत दोन कोरोनाविषाणू शिरले, की नक्कल करणारं यंत्र एका मजकुरावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतं. तयार होतो तो जोडमजकूर. अशा विषाणूची सरासरी टक्केवारी काढणं म्हणजे कोल्हापूर आणि महाबळेश्वर यांच्या पावसाची सरासरी काढून ती सातारकराला सांगण्यासारखं आहे.

उदाहरण देतो. २०१९ मध्ये युनानमध्येच मिळालेला आरएमवायएन०२ हा वटवाघळातला विषाणू. पूर्ण मजकुरात त्याची कोविडच्या विषाणूशी जुळणी ९३.३ टक्के. आरएटीजी१३ पेक्षा लांबचा, असं वाटेल. पण मजकुराच्या पहिल्या दोन-तृतीयांश भागात, ज्याला १एबी म्हणतात, त्याची जुळणी ९७.२ टक्के आहे, आरएटीजी१३ पेक्षाही जवळची. आणि स्पाइकमधला जो भाग पेशीला पकडतो तिथे फक्त ६१.३ टक्के! स्पाइक त्याने दुसरीकडून आणलं आहे. उलट टोकाला ग्वांगदोंगमध्ये जप्त केलेल्या खवले मांजरांतला विषाणू. पूर्ण मजकुरात तो ९० टक्क्यांच्या आसपास, पण पेशीला पकडणाऱ्या त्या भागात अमिनो आम्लांची जुळणी ९७.४ टक्के, जिथे आरएटीजी१३ चे ८९ च भरतात.

मग मोजायचं कसं? मजकुरावरून एक खिडकी सरकवत न्यायची. समजा पहिली ५०० अक्षरं घ्या, टक्केवारी काढा, खिडकी थोडी पुढे सरकवा, पुन्हा काढा. शेवटी एक आकडा मिळत नाही, एक वक्ररेषा मिळते. दोन विषाणूंच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पान बदललं असण्याची शक्यता.

हे काम करणारी सिमप्लॉट नावाची प्रणाली जगभर वापरली जाते. ती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्टुअर्ट रे यांनी लिहिली. आणि ती वापरणारे संशोधक संदर्भ म्हणून जो शोधनिबंध देतात तो १९९९ चा आहे, पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेबरोबर केलेल्या कामावरचा. भारतातल्या रुग्णांमधले एचआयव्हीचे पूर्ण मजकूर त्यात वाचले होते, आणि दोन उपप्रकारांची पानं एकत्र शिवलेला विषाणू सापडल्याचा पुरावाही दिला होता. लेखकांच्या यादीत परांजपे, गाडकरी, कुलकर्णी ही आडनावं आहेत. वटवाघळांतल्या कोरोनाविषाणूंवरचा एखादा निबंध उघडून शेवटची संदर्भसूची बघताना ती नावं भेटतात तेव्हा मला अजून मजा वाटते.

टक्क्यांवरून वर्षं

सगळ्यांना खरं तर हेच हवं असतं: हे दोन विषाणू वेगळे कधी झाले?

सोपा हिशेब असा. साथीच्या काळात कोविडच्या विषाणूत महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलत होती, वर्षाला चोवीसच्या आसपास. (इन्फ्लुएन्झाच्या मानाने हा वेग कमी आहे, कारण कोरोनाविषाणूकडे स्वतःचं मुद्रितशोधन आहे. एनएसपी१४ नावाचं त्याचं प्रथिन नकलेतली चुकीची अक्षरं खोडतं.) आरएटीजी१३ शी फरक ११५० धरा. दोघंही एका पूर्वजापासून निघून आपापल्या वाटेने बदलत आले, म्हणून वर्षाला २४ नव्हे, दोन्ही फांद्या मिळून ४८. ११५० भागिले ४८, म्हणजे चोवीस वर्षं.

हा हिशेब बरेच जण कागदावर मांडतात आणि तो चुकतो. साथ चालू असताना मोजलेला वेग फसवा असतो. काल जन्मलेल्या बदलांत चांगले-वाईट सगळेच मोजले जातात. जे पुढे मागे नष्ट होणार आहेत त्यांनाही अजून वेळ मिळालेला नसतो. पन्नास वर्षांनी मागे वळून पाहिलं तर त्यातले पुष्कळ बदल गाळले गेलेले असतात. म्हणून जितक्या लांबच्या काळावर मोजाल तितका वेग कमी दिसतो. शिवाय जोडमजकुराचा प्रश्न आहेच: दुसरीकडून आणलेलं पान मोजणीत शिरलं की हिशेब बिघडला.

२०२० मध्ये माचेय बोनी आणि सहकाऱ्यांनी "नेचर मायक्रोबायॉलॉजी"मध्ये हे काम सावधपणे केलं. आधी पानं बदललेले भाग तीन वेगवेगळ्या पद्धतींनी बाजूला काढले आणि उरलेल्या भागांवर बदलांच्या वेगाचं घड्याळ लावलं. उत्तरं आली १९४८, १९६९ आणि १९८२. तीन पद्धती, तीन सालं. आणि प्रत्येकाला अनिश्चिततेची लांबलचक शेपटी: पहिल्याला १८७९ ते १९९९, दुसऱ्याला १९३० ते २०००, तिसऱ्याला १९४८ ते २००९. म्हणजे साथीच्या चार ते सात दशकं आधी वाटा फुटल्या असाव्यात. "तोच की रे" म्हणण्याइतकं जवळचं नातं नक्कीच नाही. आरएटीजी१३ च्या अंगात दोन-चार वर्षांत अकराशे अक्षरं बदलून कोविडचा विषाणू तयार झाला असेल, या कल्पनेला या आकड्यांत कुठेही जागा नाही.

मात्र जोडमजकुराची दुसरी बाजूही आहे. सगळ्या मजकुराला मिळून एक साल लावण्याऐवजी प्रत्येक तुकड्याला त्याचं स्वतःचं साल लावता येतं. २०२५ मध्ये "सेल" या नियतकालिकात आलेल्या कामात हेच केलं. एका तुकड्यात सर्वांत जवळचा एक विषाणू, दुसऱ्यात दुसराच, असं करत तुकड्यातुकड्यांतून पूर्वज शोधले तर त्यातले सर्वांत जवळचे माणसात साथ येण्याआधीच्या दहा वर्षांच्या आतले निघतात. २००३ च्या सार्सचंही तसंच. कुठल्याही एका ज्ञात विषाणूशी नातं दशकांचं, पण विखुरलेल्या तुकड्यांशी नातं काही वर्षांचं, अशी ही परिस्थिती आहे. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात हे पचवायला मला स्वतःला वेळ लागला.

फार मागे जायला लागलं की घड्याळ आणखीच डळमळतं. वेग काळानुसार कमी होतो हे गणितात धरलं, तर सार्सच्या या सगळ्या कुळाचा मूळ पूर्वज साधारण २१,००० वर्षांपूर्वीचा निघतो, असं २०२१ मध्ये मांडलं गेलं. ते न धरता काढलेलं वय त्याच्या एका लहानशा भागाइतकंच भरतं.

दरम्यान लाओसमध्येही वटवाघळं तपासली जात होती. तिथल्या चुनखडीच्या गुहांमधून मिळालेल्या बनाल-५२ या विषाणूची जुळणी ९६.८ टक्के. मथळे आले: आरएटीजी१३ मागे पडला, नवा सर्वांत जवळचा नातेवाईक! फरक ०.६ टक्के, म्हणजे १८० च्या आसपास अक्षरं. मला जास्त महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. पेशीला पकडणाऱ्या भागात लाओसचे हे विषाणू कोविडच्या विषाणूशी एक-दोन अमिनो आम्लं सोडता सारखे होते आणि मानवी पेशीला पकडू शकत होते. फ्युरिनची ती १२ अक्षरं त्यांच्यातही नव्हती.

जातीचा प्रश्नही टक्क्यांवर सुटत नाही. मामांच्या तर्काने ७९ टक्के जुळणारे सार्स आणि कोविड हे दोन वेगळे विषाणू. पण विषाणूंचं वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या गटाने फेब्रुवारी २०२० मध्ये दोघांना एकाच जातीत बसवलं. कोविडच्या विषाणूच्या नावात सार्स आलं ते म्हणून. कारण जात ठरवताना पूर्ण मजकुराची अक्षरं बघत नाहीत, नक्कल करणाऱ्या यंत्रातल्या मोजक्या स्थिर भागांची अमिनो आम्लं बघतात, आणि तिथे रेषा ९० टक्क्यांवर आहे. स्पाइक कितीही वेगळं असो, त्या हिशेबात ते येतच नाही.

आता याच्या दुसऱ्या टोकाला या. मार्च २०२१ मध्ये "डबल म्युटंट" हा शब्द महाराष्ट्रातल्या नमुन्यांमुळे मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्याच घराण्यातून पुढे डेल्टा आला. वुहानच्या मूळ मजकुराशी डेल्टाचा फरक सुरुवातीला तीस-चाळीस अक्षरांचा होता, म्हणजे जुळणी ९९.९ टक्क्यांच्या जवळपास. त्यातला एक बदल फ्युरिनच्या त्या १२ अक्षरांमध्येच आहे: २३,६०४ व्या जागी सी जाऊन जी आला, त्यामुळे प्रोलीनच्या जागी आर्जिनीन बसलं आणि फ्युरिनला काप देणं सोपं झालं. टक्केवारीच्या हिशेबात हा बदल ०.००३ टक्के आहे.